बर्फात चर पडण्याआधी

नोव्हेंबर २००१मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅस्पेनची वर्ल्ड कप स्लॅलम शर्यत, म्हणजे उतारावर रोवलेल्या खांबांमधून वळणं घेत स्कीवर उतरण्याची शर्यत, क्रोएशियाच्या इवित्सा कोस्टेलिचने जिंकली, तेव्हा त्याच्या बिबवर, म्हणजे उतरण्याचा क्रमांक छापलेल्या अंगावरच्या कापडावर, आकडा होता ६४. स्लॅलमचं वेड असलेल्याला एवढं वाक्य पुरतं. तो लगेच भुवया उंचावतो. बाकीच्यांना वाटतं, चौसष्टावा उतरला आणि जिंकला, त्यात एवढं काय? वेळ तर प्रत्येकाची वेगळी मोजतात.

गोम बर्फात आहे. सगळे जण एकाच कोर्सवरून एकामागून एक उतरतात. खांब तेच, वळणं तीच, पण बर्फ तोच राहत नाही. वळताना प्रत्येक जण स्कीची पोलादी कड बर्फात रुतवतो. पुढचाही नेमका तिथेच वळतो, कारण वळायला दुसरी सोयीची जागाच नसते. पंधरा-वीस जण गेले की प्रत्येक खांबाच्या बाहेरच्या अंगाला चर पडायला लागतो. चाळिसाव्यापर्यंत तो चांगलाच खोल होतो आणि त्याचा तळही एकसारखा राहत नाही. कुठे घासून निसरडा झालेला, कुठे उखडून भुगा झालेला. चराच्या आत राहिलं तर स्की आपल्या मर्जीने वळत नाही, चर नेईल तिकडे जाते. चराबाहेरून जायचं तर रस्ता लांबतो. दोन्हीकडून वेळ जाते ती सेकंदाच्या दहाव्या-विसाव्या भागांत, पण साठ वळणांवर ती साठत जाते.

म्हणून वर्ल्ड कपच्या, म्हणजे मोसमभर चालणाऱ्या शर्यतींच्या मालिकेच्या, उतारात आदल्या दिवसांत पाणी मुरवतात. छिद्रं असलेल्या नळ्या बर्फावर आडव्या टाकायच्या, दाबाने पाणी आत सोडायचं आणि रात्रीच्या थंडीत ते गोठू द्यायचं. चांगला गोठलेला उतार तिसाव्या माणसापर्यंत बऱ्यापैकी टिकतो. हवा उबदार असली तर मीठ टाकतात. मीठ वरचा थोडा बर्फ वितळवतं, त्या वितळण्याला लागणारी उष्णता खालच्या थरातून ओढली जाते आणि तो थर घट्ट होतो. हा परिणाम तासा-दोन तासांचा. नंतर उतार आधीपेक्षा वाईट होतो. तेव्हा मीठ कधी टाकायचं, हा निर्णयसुद्धा कुणाच्या तरी नशिबाचा असतो.

स्लॅलम रेसरची कारकीर्द म्हणजे लहान नंबरासाठी वर्षानुवर्षं चाललेली खटपट, असं माझं मत झालं आहे. धाडस, प्रतिभा, घरचं बाळकडू, हे सगळं असतंच. पण त्या जगात खरा पत्ता बिबवर छापलेला असतो. वर्ल्ड कपच्या स्टार्ट लिस्टमधल्या पहिल्या सात जणांमध्ये १ ते ७ हे नंबर चिठ्ठ्या टाकून वाटतात, पुढच्या आठांमध्ये ८ ते १५. सोळापासून गुणांप्रमाणे रांग. ही यादी साधारण गेल्या बारा महिन्यांच्या निकालांवर उभी असते. गेल्या जानेवारीत केलेली कमाई या जानेवारीत गळून पडते. म्हणजे माणूस पूर्वीइतकाच वेगवान असला आणि नेमक्या त्याच आठवड्यांत दोनदा पडला, तर बारावरून बाविसावर घसरतो. बाविसाव्या नंबरने उतरायचं म्हणजे चरातून उतरायचं, आणि चरातून उतरून पुन्हा बारावर यायचं. वर चढणं अवघड, घसरणं सोपं, आणि घसरल्यावरचा रस्ता आणखी खराब.

या यादीत शिरण्याआधीचा जिना वेगळाच आहे. वयाच्या सोळाव्या वर्षाच्या सुमारास एफआयएसच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय स्की महासंघाच्या, शर्यतींत नाव घालता येतं. तिथे गुण कमी तितके चांगले, जगातल्या अव्वल माणसाचे शून्य. हिशोब असा: आपली वेळ भागिले विजेत्याची वेळ, गुणिले ७३०, वजा ७३०. शर्यत दोन फेऱ्यांची असते. दोन्ही फेऱ्या मिळून विजेत्याला १०० सेकंद लागले आणि तुम्हाला १०४, तर तुमचे २९.२ गुण. त्यात शर्यतीचा दंड मिळवायचा. मैदानात किती तगडे लोक होते यावर तो ठरतो. तगडे जास्त, तर दंड कमी. वर्षातल्या सर्वांत चांगल्या दोन निकालांची सरासरी ही तुमची पत. त्यामुळे तरुण रेसर आणि त्यांचे प्रशिक्षक शर्यती निवडतात त्या या दंडाकडे बघून. जिथे नावाजलेला कुणी सरावासाठी उतरणार असेल, त्या फुटकळ शर्यतीला अचानक शंभर नावं येतात. आणि तिथेही नंबर गुणांप्रमाणेच मिळतो, म्हणजे नवख्याला ऐंशीवा नंबर, ऐंशीवा चर.

एफआयएस शर्यतींवर युरोपा कप, अमेरिकेत नॉर-अ‍ॅम, आणि त्यावर वर्ल्ड कप. प्रत्येक देशाला वर्ल्ड कपमध्ये ठरावीक जागा असतात. ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, नॉर्वे, फ्रान्स अशा देशांत एका जागेसाठी चार-पाच जण टपलेले असतात आणि संघांतर्गत चाचणी शर्यती कधी कधी वर्ल्ड कपपेक्षा निर्दय होतात. देश बदलण्यामागे बहुतेक वेळा हेच असतं. अथेन्समध्ये जन्मलेला ए. जे. गिनिस अमेरिकेच्या संघाबाहेर पडला, गुडघ्यांच्या शस्त्रक्रियांतून गेला, ग्रीसकडून उतरू लागला आणि २०२३च्या फेब्रुवारीत कुर्शव्हेलच्या जागतिक स्पर्धेत स्लॅलमचं रौप्य घेऊन गेला. ग्रीसच्या संघात त्याला जागेसाठी झगडावं लागत नव्हतं. झगडा होता तो फक्त उताराशी आणि नंबराशी.

आपल्याकडच्या नावांचा विचारही याच हिशोबात करावा. १९८८च्या कॅल्गरी ऑलिंपिकमध्ये शैलजा कुमार स्लॅलममध्ये २८वी आली होती. २०१८च्या जानेवारीत मनालीच्या आंचल ठाकूरने तुर्कस्तानात एर्झुरुमच्या एफआयएस शर्यतीत स्लॅलमचं कांस्य मिळवलं, तेव्हा बऱ्याच वर्तमानपत्रांनी ते ऑलिंपिकच्या तोलाचं करून टाकलं. ते तसं नव्हतं, पण जिन्याच्या त्या पायरीवर ती कमाई खरीच होती. गुलमर्गजवळच्या तंगमर्गचा आरिफ खान बीजिंग २०२२ ऑलिंपिकच्या स्लॅलमला पात्र ठरला तो दुबईतल्या बंदिस्त, छपराखालच्या उतारावरच्या शर्यतींतून. छोट्या देशांच्या खेळाडूंसाठी पात्रतेची मर्यादा १६० गुणांची होती. बीजिंगमध्ये तो जायंट स्लॅलममध्ये, म्हणजे जास्त अंतरावरच्या खांबांच्या शर्यतीत, ४५वा आला. स्लॅलममध्ये पहिली फेरी पूर्ण झाली नाही. त्यावर हळहळण्यापेक्षा त्याला कुठल्या नंबरने उतरावं लागलं असेल ते आधी पाहावं.

आता कोर्सकडे. पुरुषांच्या स्लॅलममध्ये वरपासून खालपर्यंतची उंची १८० ते २२० मीटर आणि दिशा बदलण्याच्या जागा त्या उंचीच्या साधारण तीस ते पस्तीस टक्के, म्हणजे पंचावन्न ते पंचाहत्तर वळणं. लागोपाठच्या दोन वळणांच्या खांबांत अंतर सहा मीटरपेक्षा कमी नको, तेरापेक्षा जास्त नको. अधूनमधून खांब उताराच्या दिशेने एकाखाली एक लावतात. दोन गेटांची (गेट म्हणजे खांबांनी आखलेली, जिथून जावंच लागतं ती जागा) अशी जोडी म्हणजे हेअरपिन, तीन-चारांची माळ म्हणजे फ्लश. किमान तीन हेअरपिन आणि एक ते तीन फ्लश असायलाच हव्यात. हे सगळं पन्नास-पंचावन्न सेकंदांत. एका वळणाला एक सेकंदसुद्धा मिळत नाही, ०.८ सेकंदाच्या आसपास.

शर्यतीआधी कोर्स एकदाच पाहता येतो, तोही बाजूबाजूने स्की आडव्या करून घसरत. गेटांमधून उतरून बघितलं तर बाद. त्या वेळात पाठांतर चालतं: कुठे लय मोडते, कुठे उतार एकदम कोसळतो, कुठे हेअरपिनमधून बाहेर पडताना पुढचं गेट डावीकडे सरकवलेलं आहे. स्टार्टवर थांबलेले रेसर डोळे मिटून हात डावी-उजवीकडे हलवत असतात. टीव्हीवर ते विचित्र दिसतं, पण ती उजळणी असते.

कोर्स लावतो कुणा एका देशाचा प्रशिक्षक. दुसऱ्या फेरीत दुसऱ्या देशाचा. नियम सगळे पाळूनही माणूस खट्याळपणा करू शकतो. सोची २०१४ ऑलिंपिकमध्ये दुसऱ्या फेरीचा कोर्स लावला होता इवित्साच्या वडिलांनी, आन्ते कोस्टेलिच यांनी. आडनिड्या अंतरांचा, लय न लागू देणारा कोर्स लावण्याबद्दल ते प्रसिद्ध होतेच. त्या संध्याकाळी एकामागून एक नावाजलेले लोक गेट चुकून बाहेर पडले. ३४ वर्षांच्या मारियो माटने सुवर्ण घेतलं, मार्सेल हिर्शरने रौप्य. त्या कोर्सवर पुष्कळ टीका झाली. मला स्वतःला तसे कोर्स आवडतात. सगळी वळणं सारख्या अंतरावर असली तर ती निव्वळ पायांची परीक्षा होते.

चूक होते ती कशी, हे एकदा कळलं की शर्यत बघण्याची मजा बदलते. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत खांब ताठ होते आणि माणसाला अख्खं अंग खांबाबाहेरून न्यावं लागायचं. मग तळाशी सांधा असलेले, आपटले की आडवे होणारे खांब आले. तेव्हापासून रेसरचे पाय खांबाबाहेरून जातात आणि धड खांबाच्या आतून. खांब हाताने, नडगीने झोडपून बाजूला पाडतात. म्हणून नडगीवर गार्ड, मुठीवर गार्ड आणि हेल्मेटला हनुवटीपुढे दांडी. धडाचा रस्ता जितका सरळ, तितकी वेळ कमी. पण नियम असा की दोन्ही पाय आणि दोन्ही स्कींची टोकं गेटच्या रेषेवरून गेली पाहिजेत. पाय खांबाच्या फार जवळून नेण्याच्या नादात आतल्या स्कीचं टोक खांबाच्या चुकीच्या बाजूला गेलं की खांब दोन पायांच्या मधून जातो, आणि शर्यत संपली. दोन सेंटिमीटरांचा मामला. रेसरला ते कधी कधी कळतही नाही. खाली येऊन मूठ उंचावतो आणि मग फलकावर नाव बाद झालेलं दिसतं.

दुसरी नेहमीची चूक उशिराची. वळण खांबापाशी सुरू करायचं नसतं, खांबापाशी ते जवळजवळ संपलेलं असायला हवं. एका गेटला थोडा उशीर झाला तर पुढच्या गेटला त्याहून जास्त होतो, आणि चौथ्या-पाचव्या गेटला हिशोब हाताबाहेर जातो. पडणारा माणूस जिथे पडतो तिथे चूक बघू नका. तीन गेटं मागे बघा. तिसरी चूक आत झुकण्याची: वजन बाहेरच्या स्कीवरून सुटून आतल्या स्कीवर गेलं की बाहेरची कड पकड सोडते आणि माणूस कुल्ल्यावर बसतो. पहिल्या फेरीत अग्रभागी असलेल्यांना ही फार होते, कारण ते जास्त मागायला जातात.

हे सगळं ज्यावर उभं आहे ती स्की. १९९०च्या दशकात स्लॅलमची स्की दोन मीटरच्या आसपास लांब असायची. मग मध्ये कंबर बारीक असलेल्या कार्व्हिंग स्की आल्या आणि लांबी इतकी घटायला लागली की महासंघाला खालची मर्यादा घालावी लागली: पुरुषांना १६५ सेंटिमीटर, स्त्रियांना १५५. आज सगळे नेमक्या त्याच मापावर उभे असतात. कडेची धार साध्या स्कीसारखी ९० अंशांची नसते. बाजूची कड ८७ किंवा ८६ अंशांवर कानसतात, तळाकडून अर्धा अंश उतरती ठेवतात. धार जितकी तीक्ष्ण तितकी गोठलेल्या उतारावर पकड जास्त; पण मऊ बर्फात तीच धार रुतून बसते आणि स्की वळणातून सुटत नाही. मग सर्व्हिसमन, म्हणजे रेसरच्या स्कींची निगा राखणारा माणूस, टोकाकडची धार दगडाने जरा बोथट करतो. कानस, डायमंड स्टोन, कुसळं काढायचा रबरी ठोकळा आणि मेण, एवढ्यावर त्याची रात्र जाते. फ्लोरीनयुक्त मेणावर २०२३–२४च्या मोसमापासून बंदी आली आहे. स्लॅलममध्ये तसाही मेणापेक्षा धारेचाच भाव जास्त. सर्व्हिसमनचा पगार बहुधा स्की कंपनी देते, आणि चांगला सर्व्हिसमन कुणाच्या वाट्याला येणार तेही शेवटी निकालांवर, म्हणजे पुन्हा नंबरावरच ठरतं.

ऑस्ट्रियाच्या आनाबर्गमधल्या मार्सेल हिर्शरने हा भाग जितका गंभीरपणे घेतला तितका फार थोड्यांनी घेतला असेल. वडील फर्डिनांड स्वतः स्की शिक्षक; लहानपणापासून शेवटपर्यंत त्याच्या तंत्रावर आणि स्कीच्या जुळणीवर त्यांचं लक्ष. बुटाचा कोन, बूट आणि स्कीच्या मधल्या प्लेटची जाडी, कडेचा अर्धा अंश, याच्यावर त्या घरात अखंड प्रयोग चालायचे. २०१२ ते २०१९ अशी सलग आठ वर्षं वर्ल्ड कपच्या मोसमाच्या एकूण विजेतेपदाचा स्फटिकाचा गोल त्याच्याकडे राहिला. वर्ल्ड कपचे ६७ विजय, त्यांतले ३२ स्लॅलमचे; पहिल्या तिघांत तो १३८ वेळा आला. माझ्या मते खरी गोष्ट ही १३८ सांगते. जिंकायला एखादा दिवस पुरतो. इतक्या वेळा खालपर्यंत उभं पोचणं हे स्लॅलममध्ये जवळपास अशक्य मानतात. ऑगस्ट २०१७मध्ये सरावात डाव्या घोट्याचं हाड मोडलं, आणि त्याच मोसमात त्याने १३ शर्यती जिंकल्या. तरीही २०१८च्या प्योंगचांग ऑलिंपिकला दोन सुवर्णं मिळाल्यावर स्लॅलमच्या पहिल्याच फेरीत तो बाहेर पडला. स्लॅलमपुढे कुणाचीच मिरास चालत नाही.

डिसेंबर २०१५मध्ये इटलीतल्या माडोन्ना दि काम्पिलिओ इथे हिर्शर उतरत असताना चित्रीकरणाचा ड्रोन त्याच्या मागे हातभर अंतरावर कोसळला. तो दुसरा आला. त्यानंतर ड्रोनविषयी नियम कडक झाले.

दुसऱ्या फेरीत नंबराचा खेळ उलटा होतो. पहिल्या फेरीतले तीसच जण पुढे जातात आणि तिसावा आधी, पहिला शेवटी उतरतो. म्हणजे सर्वांत कोरा उतार सर्वांत मागच्याला. एरवी पहिल्यांची आघाडी ही अडचण पचवून टाकते. पण हवा उबदार असेल तर? ४ फेब्रुवारी २०२४ला शामोनीमध्ये स्वित्झर्लंडचा डॅनिएल यूल पहिल्या फेरीत कसाबसा तिसावा आला. दुसऱ्या फेरीत तो सगळ्यांत आधी उतरला, मागच्यांसाठी बर्फ मऊ पडत गेला आणि अर्धा-पाऊण तास तो विजेत्याच्या जागी बसून राहिला. पहिल्या फेरीत आघाडीवर असलेला क्लेमाँ नोएल शेवटी उतरून तिसरा झाला. तिसाव्यावरून पहिला, असं वर्ल्ड कपमध्ये आधी घडलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी वेंगेनमध्ये नॉर्वेचा लुकास ब्रॉथेन २९व्यावरून जिंकला होता. यूलचा दिवस नशिबाचा होता असं म्हणणाऱ्यांशी मी भांडत नाही. फक्त एवढंच की पहिल्या फेरीत ३१वा आलेल्यालाही तेच नशीब मिळालं असतं, आणि तो शतांश सेकंदांनी हुकून हॉटेलवर परतलेला असतो.

आणि पैसा. इंगेमार स्टेनमार्क या स्वीडिश माणसाने स्लॅलमच्या ४० आणि जायंट स्लॅलमच्या ४६ वर्ल्ड कप शर्यती जिंकल्या, पण जाहिरातीचे पैसे थेट घेता येणारा परवाना घेतल्यामुळे १९८४च्या सारायेव्हो ऑलिंपिकला त्याला उतरू दिलं नाही. आज तो प्रश्न उरलेला नाही. किट्झब्यूलसारख्या शर्यतीत विजेत्याला लाख युरोच्या घरात रक्कम मिळते. पण विसाव्या नंबरच्या माणसाचा वर्षाचा खर्च बक्षिसांतून भागत नाही. तो असतो लष्कराच्या, पोलिसांच्या किंवा सीमाशुल्क खात्याच्या क्रीडा तुकडीत, पगारी नोकर म्हणून. वरच्यांची खरी कमाई हेल्मेटच्या कपाळावरच्या जाहिरातीतून होते. ती जागा विकायची कुणी, खेळाडूने की त्याच्या देशाच्या स्की महासंघाने? यावरून नॉर्वेच्या हेन्रिक क्रिस्टोफरसनने २०१६मध्ये लेवीची शर्यत सोडली आणि नॉर्वेच्या महासंघाला कोर्टात खेचलं, तो हरला. जाहिरात आणि करारांच्या अशाच वादातून ब्रॉथेनने २०२३च्या ऑक्टोबरमध्ये, मोसम तोंडावर असताना, निवृत्तीच जाहीर केली आणि पुढच्या वर्षी आईच्या देशाकडून, ब्राझीलकडून, परतला.

आणि हा सगळा खटाटोप किती वेळासाठी? पुरुषांच्या मोसमात स्लॅलमच्या साधारण दहा-बारा शर्यती: नोव्हेंबरात फिनलंडच्या लेवीपासून जानेवारीच्या आडेलबोडेन, वेंगेन, किट्झब्यूल आणि श्लाडमिंगच्या रात्रीच्या शर्यतीपर्यंत, मग मार्चमध्ये अंतिम. सगळ्या फेऱ्यांची बेरीज वीस मिनिटांच्या आसपास. त्यासाठी मे ते जुलै व्यायामशाळा, मग न्यूझीलंड, चिली किंवा अर्जेंटिनाचं टोक उशुआइया, नाही तर बेल्जियम-लिथुआनियातले बंदिस्त उतार. दिवसाला सहा-आठ फेऱ्या, प्रत्येक फेरीत खांब नडगीवर, धक्का कमरेत. गुडघ्याचा समोरचा लिगामेंट तुटला तर एक मोसम जातो. पाठीच्या मणक्यांतली चकती सरकली तर कारकीर्दच हळूहळू जाते. जखमी खेळाडूचे गुण गोठवून ठेवायची सोय आहे, त्यामुळे तो परतताना अगदी तळाला जात नाही, पण पहिल्या पंधरांतही राहत नाही.

हिर्शर २०१९ला निवृत्त झाला आणि ३५व्या वर्षी, २०२४च्या शरदात, आईच्या देशाकडून, नेदरलँड्सकडून परत आला. गुण शिल्लक नव्हतेच. माजी विजेत्यांसाठी महासंघाने केलेल्या सवलतीने त्याला पहिल्या तिसांनंतरची जागा मिळाली. झोल्डनच्या जायंट स्लॅलममध्ये तो २३वा आला. डिसेंबरात सरावात डाव्या गुडघ्याचा लिगामेंट तुटला.